जुन्या फायली, मिटलेली पाने : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. संगणकात किंवा फोनमध्ये ठेवलेले लिखाण, छायाचित्रे आणि आवाज दहा-वीस वर्षांनी हाती लागतात का, आणि लागत नसतील तर काय करावे, असे वाचक विचारत आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. जे गेले म्हणून वाचक हळहळत आहेत, त्यातले बरेचसे अजून जागेवर आहे. आणि जे सुरक्षित आहे असे समजून निर्धास्त आहेत, त्याचीच काळजी घ्यायला हवी. म्हणून या वेळी इतर विषयांची पत्रे मागे ठेवून एवढ्याच प्रश्नांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वडील माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असत. निवृत्तीनंतर त्यांनी लिहिलेले लेख आम्ही २००४ च्या सुमारास एका टंकलेखन केंद्रातून संगणकावर टंकून घेतले होते. सीडीवरच्या त्या फायली आता उघडल्या, तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची गिचमिड दिसते. फायली खराब झाल्या असतील का? सगळे पुन्हा टंकावे लागेल का? (एक वाचक, जेल रोड, नाशिक रोड)

उत्तर : फायली खराब झालेल्या नाहीत. खराब झालेली फाइल बहुधा एक तर उघडतच नाही, किंवा मध्येच तुटते. आपल्याला दिसते आहे ती गिचमिड म्हणजे आपल्या वडिलांचा संपूर्ण मजकूरच आहे. तो वाचण्याची किल्ली तेवढी आपल्या संगणकात नाही.

त्या काळी मराठी टंकनासाठी श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट वापरले जात. संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाच्या रूपात साठवतो. त्याला तेव्हा व्यवहारात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक ठाऊक असल्यामुळे या फॉन्टांनी एक युक्ती केली होती. इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरी अक्षराचे चित्र बसवायचे आणि क्रमांक इंग्रजी अक्षराचाच राहू द्यायचा. कृतिदेव फॉन्टात 'मराठी' हा शब्द टंकला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठवली जातात. संगणकात कृतिदेव असेल तोवर पडद्यावर 'मराठी' दिसते. तो फॉन्ट गेला की ती पाच अक्षरे उघडी पडतात. युनिकोड या जगभरच्या सामाईक अक्षर-क्रमांक पद्धतीत असे होत नाही, कारण तेथे 'म' ला स्वतःचा २३५० हा क्रमांक आहे आणि तो जगातल्या कोणत्याही संगणकावर 'म' चाच असतो. देवनागरीसाठी युनिकोडने १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच १२८ जागांचा स्वतंत्र गट राखून ठेवलेला आहे; आपल्याकडची मुद्रणालये आणि कार्यालये तिकडे वळायला मात्र पुष्कळ वर्षे लागली.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. प्रथम सीडीवरच्या सर्व फायली संगणकात उतरवून घ्याव्यात, कारण घरी लिहिलेल्या वीस वर्षे जुन्या सीडीचा फार काळ भरवसा धरता येत नाही. मग एक फाइल वर्डमध्ये उघडून मजकुरावर क्लिक करावे. फॉन्टच्या चौकटीत जुन्या फॉन्टाचे नाव दिसेल. तो संगणकात नसला तरी फाइल त्याचे नाव लक्षात ठेवते. हे नाव अचूक टिपून घेणे महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येक फॉन्टाची अक्षरांची मांडणी वेगळी असते आणि शिवाजीचा मजकूर कृतिदेवच्या रूपांतरकात, म्हणजे फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनात, घातला तर एका गिचमिडीची दुसरी गिचमिड होते. नाव कळले की त्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारा रूपांतरक इंटरनेटवर शोधावा. यांपैकी बरेच मोफत आहेत. मजकूर खासगी असेल, तर रूपांतरकाचे पान उघडल्यावर इंटरनेट बंद करून पाहावे. तरीही रूपांतर झाले, तर काम आपल्याच संगणकात होत आहे असे समजावे.

रूपांतर झाल्यावर मजकूर मुळाशी ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्यात पहिली वेलांटी व रफार यांवर विशेष नजर ठेवावी. जुन्या फॉन्टांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टंकली जात. 'नाशिक' लिहिताना 'शि' ची वेलांटी आधी आणि 'श' नंतर, असा क्रम असे. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो, म्हणजे 'श' आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचे याच्या उलट असते. 'वर्षे' मधला रफार जुन्या पद्धतीत 'षे' पूर्ण झाल्यावर सगळ्यात शेवटी येई, तर युनिकोडमध्ये तो 'र' म्हणून 'ष' च्या आधी साठवावा लागतो. रूपांतरकाला ही उलथापालथ करावी लागते आणि चुका नेमक्या तेथेच राहतात. जोडाक्षरानंतरची वेलांटी आणि मात्रेवरचा रफार असलेले शब्द आधी तपासले, तर रूपांतरक विश्वासार्ह आहे की नाही हे पहिल्या पानावरच कळते.

एखाद्या लेखाची फाइल मिळत नसेल, पण छापील प्रत असेल, तर तिचे स्वच्छ छायाचित्र गूगल ड्राइव्हवर चढवून ते गूगल डॉक्समध्ये उघडावे. छापील मराठी त्यात बऱ्यापैकी ओळखले जाते. मूळ फायली मात्र रूपांतरानंतरही पुसू नयेत.

प्रश्न : मेन रोडवर आमचे कापडाचे दुकान आहे. उधारीची यादी मी आणि माझा मुलगा एक्सेलमध्ये मराठीत ठेवतो. त्यात 'बोऱ्हाडे' हे आडनाव शोधले, तर काही ओळी सापडतात आणि काही सुटतात. शब्द तर सारखाच दिसतो. 'गिऱ्हाईक' शब्दाचेही तसेच होते. (एक व्यापारी, नाशिक)

उत्तर : शब्द डोळ्यांना सारखा आहे, संगणकाला नाही. मराठीतला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो. पहिल्या प्रकारात त्यासाठी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर व हलन्त वापरतात. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे पडद्यावर न दिसणारे एक जोडचिन्ह येते. आपण आणि आपले चिरंजीव बहुधा वेगवेगळ्या कळफलकांवर टंकत असाल. एक संगणकावर आणि एक फोनवर, असे असण्याचाही संभव आहे. 'वाऱ्यावर', 'तऱ्हा', 'कऱ्हाड' या सगळ्या शब्दांना हीच अडचण येते.

जी ओळ सापडत नाही तिच्यातला शब्द तेथूनच उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवावा, बदलाच्या चौकटीत आपल्या पद्धतीने टंकलेला शब्द लिहावा आणि सर्वत्र बदल करून घ्यावा. पुढे दोघांनी एकच कळफलक वापरावा. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कळफलक वापरत असाल, तर शिफ्ट दाबून जे ची कळ दाबल्यावर 'ऱ' उमटतो. नवीन मजकुरासाठी हाच प्रकार पसंत करावा, कारण न दिसणारे जोडचिन्ह एका ॲपमधून दुसऱ्यात नेताना गळून पडू शकते.

प्रश्न : आमच्या मंडळाचे संकेतस्थळ २०१५ पर्यंत चालू होते. त्यावर स्मरणिकांतले लेख आणि जुन्या कार्यक्रमांचे वृत्तान्त होते. पत्त्याचे नूतनीकरण राहून गेले आणि आता तो पत्ता टाकला की भलतीच जाहिरात उघडते. ते लेख कोठे मिळतील? (एक कार्यकर्ता, पंचवटी)

उत्तर : मिळण्याची बरीच आशा आहे. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था सुरू केली आणि तेव्हापासून ती जगभरच्या संकेतस्थळांच्या प्रती वेळोवेळी काढून ठेवत आली आहे. २००१ पासून हा संग्रह वेबॅक मशीन या नावाने सर्वांना मोफत पाहता येतो. जपून ठेवलेल्या पानांची संख्या ऑक्टोबर २०२५ मध्ये एक लाख कोटींवर गेली. मला स्वतःला इंटरनेटवरची ही सर्वांत मोलाची जागा वाटते.

वेबॅक मशीनमध्ये आपल्या मंडळाचा जुना पत्ता लिहावा. वर्षांची पट्टी आणि खाली दिनदर्शिका दिसेल; ज्या तारखेवर निळे वर्तुळ असेल, त्या दिवशीची प्रत तेथे आहे. पत्ता हातचा गेला त्याच्या आधीची, म्हणजे २०१५ किंवा त्याआधीची तारीख निवडावी, नाही तर जाहिरातीचीच जपून ठेवलेली प्रत उघडेल. पहिले पान मिळाले आणि आतले लेख मिळाले नाहीत, तर दुसऱ्या तारखा पाहाव्यात, कारण एकाच दिवशी सगळे संकेतस्थळ टिपले गेलेले असतेच असे नाही. छायाचित्रे पुष्कळदा गहाळ असतात. लेख जुन्या फॉन्टात असतील, तर गिचमिड दिसेल. त्यावरचा उपाय पहिल्या उत्तरात आला आहे.

सापडलेले प्रत्येक पान छपाईच्या आज्ञेतून पीडीएफ करून मंडळाच्या संगणकात ठेवावे. तेथे आहेच की, असे म्हणून थांबू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये या संस्थेवर सायबर हल्ला झाला आणि तिच्या सेवा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या. उलट दिशेने, मंडळाच्या नव्या संकेतस्थळाची पाने आपण स्वतः तेथे जतनासाठी देऊ शकता. त्याच पानावर तशी सोय आहे. मात्र जतन केलेले पान जगाला दिसते, म्हणून सभासदांचे पत्ते व फोन क्रमांक असलेली पाने देऊ नयेत.

प्रश्न : कॉलेजात असताना ऑर्कुट या फेसबुकसारख्या संकेतस्थळावरच्या एका मराठी समुदायात मी कविता लिहीत असे. त्या परत मिळतील का? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : बहुधा नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि आपला मजकूर उतरवून घेण्यासाठी दिलेली मुदतही केव्हाच संपली. समुदायाचा नेमका पत्ता जुन्या ई-मेलमध्ये सापडला, तर वेबॅक मशीनमध्ये एकदा पाहावे. त्याहून अधिक शक्यता अशी आहे की त्या काळी ऑर्कुटकडून येणाऱ्या सूचनांच्या ई-मेलमध्ये काही मजकूर असेल. आपल्या जुन्या ई-मेल खात्यात आपल्याच कवितेतली एखादी ओळ शोधून पाहावी.

प्रश्न : आमच्या कुटुंबाची सगळी छायाचित्रे गूगल फोटोजवर आहेत, म्हणून फोनमधली पुसून टाकली. आता जागा भरली असा इशारा येतो. मुलगी म्हणते, जुनी छायाचित्रे पुसू या. बॅकअप असताना पुसायला हरकत आहे का? (एक गृहिणी, जुने नाशिक)

उत्तर : घाई करू नका. फोनमधली छायाचित्रे पुसल्यानंतर गूगलवर उरली आहे ती बॅकअपची प्रत नव्हे. तीच आता एकमेव प्रत आहे. गूगल फोटोजच्या ॲपमधून छायाचित्र पुसले की ते सर्व ठिकाणांहून पुसले जाते. कचरापेटीत ते ६० दिवस राहते आणि मग कायमचे जाते.

शिवाय अगदी जुनी छायाचित्रे पुसून आपल्याला बहुधा जागाही मिळणार नाही. गूगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिन्हींना मिळून असते. १ जून २०२१ पूर्वी 'हाय क्वालिटी' या प्रकारात चढवलेली छायाचित्रे त्या हिशेबात धरली जात नाहीत. म्हणजे मुलीच्या सूचनेप्रमाणे मुलांची लहानपणची छायाचित्रे गेली असती आणि इशारा तसाच राहिला असता. जागा खातात ते लांबलचक व्हिडिओ, जीमेलमधली जड जोडपत्रे आणि अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअप. गूगल खात्यातल्या स्टोरेजच्या पानावर मोठ्या फायली वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. छाटणी तेथून सुरू करावी.

त्याआधी सगळा संग्रह घरी आणावा. त्यासाठी गूगल टेकआऊट ही सोय आहे. त्यात फक्त फोटोज निवडले की काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने दुवे येतात आणि झिप फायली उतरवून घेता येतात. हे दुवे साधारण आठवडाभरच चालतात, म्हणून पुरेशी जागा असलेली हार्ड डिस्क आधीच हाताशी ठेवावी.

प्रती किती असाव्यात, याचा एक साधा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केला. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरच्या प्रतीची गरज आपल्या भागात समजावून सांगावी लागू नये. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी गोदावरीचे पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारापर्यंत आले होते, आणि तळमजल्यावरच्या कपाटात संगणक व बॅकअपची डिस्क शेजारीशेजारी असतील तर पूर दोन्हींना एकदमच गाठतो. एक प्रत गूगलवर, एक घरातल्या हार्ड डिस्कवर आणि एक पुण्या-मुंबईच्या बहिणीकडे किंवा दिराकडे दिलेल्या डिस्कवर, अशी वाटणी कोणत्याही कुटुंबाला जमण्यासारखी आहे.

डिस्क कपाटात टाकून विसरू नये. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्क) वर्षानुवर्षे वीज न मिळता पडून राहिले तर त्यांतला मजकूर विरू शकतो, आणि फिरत्या तबकडीच्या डिस्कही न वापरता अडकतात. खंडेनवमीला आपण आता संगणकालाही हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी डिस्क जोडून वर्षभराची नवी छायाचित्रे त्यात उतरवावीत आणि जुन्यांपैकी काही उघडून पाहावीत. नातेवाइकांकडून लग्नाची छायाचित्रे मागवताना ती व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे. साधी पाठवली तर ती आकसतात आणि कोणत्या तारखेला काढली ही नोंदही त्यांतून निघून जाते.

प्रश्न : माझे वय ७४ आहे. माझ्या पश्चात ई-मेल आणि छायाचित्रे मुलांना मिळावीत, पण आजच पासवर्ड देण्याची इच्छा नाही. (एक ज्येष्ठ वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : पासवर्ड देण्याची गरज नाही. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाऊंट मॅनेजर' नावाची सोय आहे. खाते तीन ते अठरा महिन्यांपैकी आपण ठरवाल तेवढा काळ वापरले गेले नाही, तर आपण नेमलेल्या व्यक्तींना, म्हणजे जास्तीत जास्त दहा जणांना, आपण ठरवलेला भाग पाहता व उतरवून घेता येतो. त्यापूर्वी आपल्यालाही सूचना येतात. ही व्यवस्था आजच करावी, कारण दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती मजकुरासह पुसण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. आयफोन वापरत असाल, तर त्यात 'लेगसी कॉन्टॅक्ट', म्हणजे आपल्या पश्चात मजकूर पाहू शकणारी व्यक्ती, नेमण्याची सोय स्वतंत्रपणे करावी लागते. मुलांना एवढे मात्र सांगून ठेवावे की अशी सूचना आली, तर ती फसवणूक समजून पुसू नका.

प्रश्न : घरात पणजोबांच्या वेळची जमिनीची कागदपत्रे सापडली. देवनागरीतल्या कागदांत 'चाहूर'सारखे शब्द आहेत, काही कागद मोडीत आहेत. घरबसल्या अर्थ कोठे पाहता येईल? (एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका)

उत्तर : शब्दांचा प्रश्न सहज सुटण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते व त्यांच्या सहकाऱ्यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही मोफत आहेत, आणि शब्द देवनागरीत टंकून शोधता येतो. मोल्सवर्थची १८५७ ची दुसरी आवृत्ती आपल्या कागदांच्या काळाला जवळची आहे. जमीन मोजण्याची मापे, महसुलाचे आणि वतनांचे शब्द, धान्याची मापे यांची नोंद त्यात बारकाईने केलेली आहे. 'चाहूर' हे जमिनीचेच माप आहे आणि त्याचे बिघ्यांशी असलेले प्रमाण तेथे पाहता येईल. शब्द सापडला नाही, तर ऱ्हस्व-दीर्घ बदलून पुन्हा शोधावा. जुने लेखन आजच्या नियमांप्रमाणे नसते.

इंटरनेट अर्काइव्हवर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्यावरचा सोळावा खंडही मिळेल. तो १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्रजीत असला तरी तालुकावार माहितीमुळे आपल्या गावाची त्या काळची महसुली व्यवस्था समजायला त्याचा फार उपयोग होतो.

मोडीला युनिकोडमध्ये २०१४ पासून जागा मिळाली आहे आणि मोफत फॉन्टही आहेत, परंतु त्याचा उपयोग मोडी टंकण्यासाठी होतो. हस्तलिखित मोडी वाचायला मोडीचा जाणकारच हवा. त्याच्याकडे मूळ कागद पाठवू नयेत. सावलीत, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय छायाचित्रे काढून ती पाठवावीत. आणि जमिनीच्या आजच्या हक्काचा प्रश्न असेल, तर तो कोशाने सुटत नाही. त्यासाठी तलाठी कार्यालय आणि वकील यांच्याकडेच जावे.

प्रश्न : आजीच्या जात्यावरच्या ओव्या मामांनी १९८९ मध्ये कॅसेटवर टिपून घेतल्या होत्या. त्या संगणकात कशा आणाव्यात? ध्वनी स्वच्छ करून घ्यावा का? (एक शिक्षिका, सिन्नर)

उत्तर : कॅसेट लगेच वाजवू नका. फितीवर पांढरे डाग दिसत असतील, तर ती बुरशी असते; तशी कॅसेट जाणकारालाच द्यावी. डाग नसतील, तर ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतात. वाजवण्याच्या यंत्राचे हेड, म्हणजे फितीला टेकून आवाज वाचणारा भागही आधी स्वच्छ करून घ्यावे. मग यंत्राचा आवाज यूएसबी जोडणीतून लॅपटॉपमध्ये घ्यावा. फोन समोर धरून टिपू नये, कारण पंख्याचा आणि रस्त्याचा आवाज त्यात कायमचा मिसळतो. टिपण्यासाठी ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे.

पहिली प्रत डब्ल्यूएव्ही किंवा फ्लॅक या, आवाजातले काहीही न गाळणाऱ्या प्रकारात ठेवावी. सीडीच्या दर्जाने एका तासाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्हीमध्ये सुमारे ६३५ एमबी होते, आणि घरगुती टेपरेकॉर्डरवर टिपलेले बहुधा मोनो असल्यामुळे त्याच्या निम्म्यात भागते. एमपी३ ची प्रत नातेवाइकांना पाठवण्यासाठी वेगळी करावी.

ध्वनी स्वच्छ करण्याच्या मोहात पडू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सॉफ्टवेअर ज्याला खरखर समजून काढून टाकते, त्यात जात्याची घरघर असते, आणि ओवीची लय त्या घरघरीवरच बांधलेली असते. ती काढली की आजींचा आवाज ऐकू येईल, पण त्या दळत होत्या हे ऐकू येणार नाही. खरखर फारच असह्य असेल, तर सफाई एमपी३ प्रतीवर करावी. पहिल्या प्रतीला हात लावू नये.

फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि गाणारीचे नाव घालावे. मामा हयात असतील, तर त्यांना शेजारी बसवून कोणत्या ओव्या कोणाच्या लग्नात, कोणत्या घरी गायल्या गेल्या हे विचारून वेगळे टिपून घ्यावे. 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हॅं यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा झालेल्या जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह आहे. एक लाखाहून अधिक ओव्यांचे हे काम आहे. गाणारीचे नाव, गाव, विषय असे तपशील कसे नोंदवायचे, हे तेथे पाहून शिकता येईल. काम पूर्ण झाल्यावरही मूळ कॅसेट टाकून देऊ नये. ती उभी, कोरड्या जागी आणि स्पीकरपासून दूर ठेवावी.